तो पिवळा पाना काय म्हणतोय?

वीकएंडला तोरणा-राजगडकडे गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला डॅशबोर्डवरचा हा दिवा कधी ना कधी भेटतोच. तेव्हा घाबरायचं, की खुशाल दुर्लक्ष करायचं?

शनिवारची सकाळ. कात्रजचा नवा बोगदा मागे पडलाय, खेड-शिवापूरचा टोल भरून झालाय, मागच्या सीटवर वेफर्सचं पहिलं पाकीट फुटलंय. आता चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं, नसरापूर ओलांडायचं, की वेल्ह्याचा रस्ता सुरू! इतक्यात स्पीडोमीटरच्या शेजारी एक चिमुकला पिवळा पाना उजळतो. चालवणाऱ्याचा चेहरा उतरतो. ‘अरे, हे काय लागलं?’ मागून एक तज्ज्ञ मत येतं, ‘इंजिन गेलं वाटतं.’ दुसरा म्हणतो, ‘काही नसतं रे, माझ्या गाडीत वर्षभर लागलेला होता.’

दोघंही चूक. आणि गंमत म्हणजे दोघंही तितक्याच आत्मविश्वासाने चूक!

असे फोन मला नेहमी येतात. मी काही मेकॅनिक नाही. पण माझं आजोळ वेल्ह्याकडचं. (सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडातून मात्र अजून वेल्हंच निघतं.) त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी मी त्या रस्त्याला असतोच. शिवाय गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचणाऱ्या दुर्मीळ जमातीतला मी एक. तेव्हा या पान्याबद्दल एकदाच काय ते सांगून टाकतो.

डॉक्टर नव्हे, कॅलेंडर

सगळ्यात आधी डोक्यातून ही गोष्ट काढून टाका, की या दिव्याने तुमच्या गाडीत काहीतरी तपासलंय. बहुतेक गाड्यांमध्ये त्याने काहीही तपासलेलं नसतं. इंजिन ऑइल काळं झालंय का, फिल्टर चोंदलाय का, याचा त्याला पत्ताही नसतो. तो फक्त मोजतो. मागच्या वेळी शून्यावर आणल्यापासून चाकं किती किलोमीटर फिरली आणि किती महिने गेले, एवढंच. ठरलेला आकडा गाठला की दिवा लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असा हिशेब असतो. काहींना पंधरा हजार, काहींना पाच. आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कालनिर्णयवर ‘सिलिंडर लावला’ असं लिहिलेलं असतं ना, तसलाच हा प्रकार. सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय हे काही कालनिर्णयला कळत नाही!

जुन्या जमान्यात हेच काम गॅरेजवाल्याचं स्टिकर करायचं. फियाट आणि अॅम्बेसेडरच्या दरवाज्याच्या आत चिकटवलेलं, ‘पुढील ऑइल चेंज अमुक किलोमीटर’. ऐंशीच्या दशकात बीएमडब्ल्यूने हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांची रांग थेट डॅशबोर्डवर आणली आणि मग हळूहळू ही सोय सगळ्यांकडे झिरपली. काही गाड्या आता थोड्या जास्त हुशार झाल्या आहेत. इंजिन किती फिरलं, किती तापलं, किती वेळा थंड असताना सुरू झालं, यावरून त्या ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत सांगतात. पण तोही अंदाजच. डिपस्टिक काढून ऑइल बघायला त्यांच्याकडे हात नाहीत, तुमच्याकडे आहेत.

मग चेलाडी फाट्यावर पाना लागला तर? गाडी फिरवू नका. तोरणा बघून या, वेल्ह्यात पिठलं-भाकरी खा, सोमवारी ऑफिसातून सर्व्हिसची अपॉइंटमेंट घ्या. आठवड्याभरात काही बिघडत नाही. वर्षभरात मात्र बिघडतं.

हे तीन मात्र वेगळे

पान्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची गल्लत केली तर महागात पडते. डॅशबोर्डवरची बहुतेक चित्रं जगभर सारखीच असतात, त्यासाठी आयएसओ २५७५ नावाचं प्रमाणच आहे. रंगांचा फंडा सिग्नलसारखा. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे थांबा.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा, म्हणजे ‘चेक इंजिन’, हा पान्याचा कुणीही लागत नाही. तो खरोखर काहीतरी तपासतो. इंजिनातले सेन्सर सतत माहिती पाठवत असतात, त्यात विसंगती दिसली की कॉम्प्युटर एक कोड साठवतो आणि दिवा लावतो. भारतात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली, २०१० मध्ये पहिला टप्पा, २०१३ मध्ये दुसरा. म्हणून त्यानंतरच्या कुठल्याही गाडीला स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावून कोड वाचता येतो. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जा. लुकलुकत असेल तर इंजिनात नीट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे चाललंय असं समजा. वेग कमी करा आणि लवकरात लवकर थांबा.

दुसरा, लाल रंगाची तेलाची झारी. अल्लादीनच्या दिव्यासारखी दिसते, पण घासून जिन प्रसन्न होत नाही. ऑइलचं प्रेशर गेलंय. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणाल तर पुढच्या गावात टेम्पोवर चढवूनच जाल. तिसरा, लाल थर्मामीटर. तो लागला तरी थांबायचंच, आणि गरम रेडिएटरचं झाकण कुठल्याही परिस्थितीत उघडायचं नाही. मागचे तज्ज्ञ कितीही आग्रह करोत.

सगळे किलोमीटर सारखे नसतात, बॉस!

आता मूळ मुद्द्याकडे. पान्याला फक्त आकडा कळतो. तो आकडा कुठे जमला ते कळत नाही. आणि आपल्या आयुष्याचे दोन तुकडे असतात: सोमवार ते शुक्रवार हिंजवडी आणि शनिवार-रविवार भोर-वेल्हे. गाडीच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

हिंजवडीचं बघा. वाकडच्या पुलापासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंत गाडी किती चालते आणि किती उभी असते? चाकं थांबलेली, एसी चालू, इंजिन चालू. किलोमीटरचा काटा हलत नाही, म्हणजे पान्याच्या हिशेबी काही घडलंच नाही. ऑइल मात्र तापतंय, झिजतंय. जवळ राहणाऱ्यांनीही खूश होऊ नका. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं गरमही होत नाही. आत धरलेली वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. म्हणूनच तर वर्षाची अट आहे. ‘माझी गाडी वर्षात चारच हजार चालली, ऑइल कशाला बदलू?’ याचं उत्तर हे.

आणि वीकएंड? कापूरहोळला हायवे सोडून भोरकडे जाणारा रस्ता तसा सरळ. नीरेचं ते प्रसिद्ध वळण बघायला, फोटो काढायला सगळे थांबतात. खरी परीक्षा भोरच्या पुढे. नीरा-देवघरच्या पाण्याकडेने वरंध घाटात शिरलात की चढाला दुसरा गिअर, आणि महाडकडे उतरताना ब्रेकवर पाय. वेल्ह्याकडून केळदला, मढे घाटाच्या धबधब्याकडे जाणारा रस्ता किंवा खानापूरकडे उतरणारा पाबे घाट, तिथेही तेच. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. मार्गासनीवरून गुंजवण्याला एप्रिलमध्ये एखाद्या डंपरच्या मागे गेलात तर एअर फिल्टरने किती धूळ गिळली हे तोच जाणे. हायवेवरचे शंभर किलोमीटर आणि हे शंभर किलोमीटर पान्याच्या वहीत सारखेच!

कोथरूडहून वेल्ह्याला जाऊन-येऊन साधारण एकशेवीस किलोमीटर धरा. दर शनिवारी गेलात तर वर्षाचे सहा हजारांच्या वर फक्त याच रस्त्याचे. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर ‘कठीण परिस्थितीत वापर’ असा एक तक्ता असतो. धूळ, डोंगर, सतत थांबत-चालत ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या. तो वाचताना आपण स्वतःला त्यात कधी धरतच नाही. आपल्याला वाटतं, ते राजस्थानातल्या टॅक्सीवाल्यांसाठी असेल. अहो, ते आपल्यासाठीच आहे! त्यात ऑइल आणि फिल्टर लवकर बदलायला सांगितलेलं असतं. पाना लागायची वाट न बघता.

ब्रेक ऑइलचं तर कुणी नावच काढत नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. जितकं पाणी जास्त, तितकं ते कमी तापमानाला उकळतं. वरंध घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. पाना यासाठी वेगळा लागत नाही. (घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा आमच्या मामाचा नियम. कुठल्याही सर्व्हिसपेक्षा स्वस्त. आणि पावसाळ्यात आधी वरंध घाट चालू आहे का ते विचारा. दरडींमुळे तो अनेकदा बंद ठेवतात.)

दिवा विझलाय, पट्ट्याचं काय?

दिवा विझवणं किती सोपं आणि किती धोक्याचं, हे मी माझ्या मामेभावाच्या इनोव्हात पाहिलं. तो वेल्ह्याहून ट्रेकवाल्यांच्या ट्रिपा करतो. त्याने एका एजंटकडून जुनी डिझेल इनोव्हा घ्यायची ठरवली. रीडिंग एक लाख साठ हजारांच्या आसपास. गाडी चकाचक, सीट कव्हर नवीन, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मला म्हणाला, ‘दादा, तू एकदा बघ फक्त. मला तर पसंत आहे.’

त्या काळच्या डिझेल इनोव्हात टायमिंग बेल्ट असतो, आपल्या भाषेत पट्टा. खालची फिरती दांडी आणि वरचे व्हॉल्व्ह यांचा ताल जमवणारा दातेरी रबरी पट्टा. तो लाख-दीड लाखाच्या घरात बदलावा लागतो आणि त्याची आठवण करून द्यायला डॅशबोर्डवर खास ‘टी-बेल्ट’ असा दिवा असतो. पान्याचाच थोरला भाऊ म्हणा. तोही फक्त किलोमीटर मोजतो. पट्ट्याला हात लावून बघत नाही. आणि न बदलता तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. मग खर्च पट्ट्याचा नाही, इंजिनाचा.

या गाडीत दिवा लागत नव्हता. एजंट म्हणाला, ‘बघा की, पट्टा बदललाय म्हणून तर दिवा नाही.’ मामेभावाला पटलं. मी म्हटलं, आधी नसरापूरच्या गॅरेजात जाऊ. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘बिल हाय का बिल?’

‘बिल नाही काका, पण दिवा नाही लागत.’

‘दिवा इझलाय म्हंजी पट्टा बदललाय व्हय? दिवा बटणानं इझतो, पट्टा पान्यानं बदलतो!’

एजंटची परवानगी घेऊन पुढचं कव्हर खोललं. पट्टा बदलणारा मिस्त्री सहसा कव्हरवर तारीख आणि रीडिंग लिहून ठेवतो किंवा स्टिकर लावतो. तिथे काहीच नव्हतं. पट्ट्याच्या पाठीवर बारीक भेगा होत्या आणि कडेचे धागे निघाले होते. म्हणजे कुणीतरी दिवा शून्यावर आणला होता आणि पट्टा तसाच ठेवला होता. मिस्त्रींनी कव्हर परत लावलं आणि हात पुसत विचारलं, ‘या गाडीत किती माणसं बसवणार?’ मामेभाऊ म्हणाला, सात. त्यापुढे कुणी काही बोललं नाही. मढे घाटाच्या रस्त्यावर मोबाइलची रेंज येते-जाते, आणि मागच्या सीटवर दुसऱ्यांची पोरं असतात.

त्याने गाडी घेतली, पण किंमत पाडून. पट्टा, टेन्शनर, सोबत वॉटर पंपही बदलून घेतला, आणि मगच पहिली ट्रिप केली.

रिसेट: आधी काम, मग बटण

आता उलटी तऱ्हा. ती शहरात जास्त दिसते. तुम्ही कंपनीच्या वर्कशॉपऐवजी ओळखीच्या गॅरेजात ऑइल, फिल्टर सगळं बदललं. काम झकास झालं. आणि तीन दिवसांनी पाना लागला! गॅरेजवाल्याने काम केलं, मोजणी शून्यावर आणायची राहून गेली, एवढंच. यात फसवणूक नाही. दोन मिनिटांचं काम आहे, तुम्हीही करू शकता.

टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पद्धत अशी. चावी ऑन करून डिस्प्लेवर एकूण किलोमीटर किंवा ‘ट्रिप ए’ आणा (दोन्हीपैकी कुठलं, ते मॉडेलवर ठरतं). चावी बंद करा. आता ट्रिपचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चावी पुन्हा ऑन करा, इंजिन सुरू करायचं नाही. डिस्प्लेवर आडव्या रेघा येतात, एकेक करून जातात, शून्य येतं, दिवा विझतो. बटण सोडा. झालं!

ह्युंदाईसारख्या ज्या गाड्यांत डिस्प्लेचा मेनू असतो, तिथे स्टिअरिंगवरच्या बटणांनी सेटिंगमध्ये जाऊन ‘सर्व्हिस इंटर्व्हल’ शोधा आणि ओके बटण दाबून धरा. काही युरोपियन गाड्यांना स्कॅनरच लागतो, तिथे उगाच बटणांशी झटापट करू नका. तुमच्या गाडीची नेमकी कृती मॅन्युअलच्या अनुक्रमणिकेत सापडते. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं. आणि बॅटरीची वायर काढून दिवा जाईल, या सल्ल्याकडे लक्ष देऊ नका. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं तेवढी जातात, सर्व्हिसचा हिशेब बहुतेक गाड्यांत तसाच राहतो.

बटण दाबण्याआधी मात्र एक सवय लावून घ्या. मोबाइलवर ओडोमीटरचा फोटो काढा आणि बिलाचाही. वॉरंटीचा प्रश्न आला तर कंपनी सर्व्हिसच्या नोंदी मागते. दिवा बंद होता की चालू, हे कुणी विचारत नाही. माझ्या ऑफिसात एक जण आहे, पाना लागला की पार्किंगमध्येच रिसेट करून मोकळा होतो. त्याला वाटतं, कटकट गेली. गाडीला पुढचे दहा हजार किलोमीटर तेच ऑइल मिळतं, आणि या वेळी सांगायलाही कुणी नसतं. पिठाच्या गोळ्यासारखं घट्ट काळं ऑइल चेंबरच्या तळाशी बसलेलं एकदा बघितलंत, तर हे बटण तुम्ही गंमत म्हणून कधी दाबणार नाही.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक. इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करा. त्या क्षणी चेक इंजिन, ऑइल, बॅटरी असे सगळे दिवे उजळायलाच हवेत. गाडी स्वतःचे दिवे तपासते. यात चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर खूश होऊ नका. कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. हा टेस्ट ड्राइव्हआधीचा तीन सेकंदांचा खेळ आहे, आणि फुकट आहे. विकणाऱ्याने आधीच इंजिन चालू करून ठेवलं असेल, तर हसत हसत बंद करायला सांगा.

इलेक्ट्रिकवाले वाचक म्हणतील, आमच्याकडे ऑइलच नाही, आम्ही सुटलो. पण सर्व्हिसची आठवण तुमच्याही गाड्या करून देतात. ब्रेक ऑइल, कूलंट, एसीचा फिल्टर, टायर... हे सगळं आहेच की. आणि मोटरने वेग कमी होत असल्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात, पण कमी वापरले म्हणून पावसात गंजतातही. जुलैत मढे घाटाहून परतलात की सोसायटीत गाडी लावण्याआधी दोन-चारदा नीट ब्रेक दाबून घ्या.